घरचें दप्तर हलवितांना

घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे दागिने, खरेदीखतें आणि वाडवडिलांच्या हातचे कागद कोणी हमालाच्या डोक्यावर देत नाहीं. घरांतील जबाबदार माणूस ते स्वतः जपून नेतो. परंतु जुना संगणक जाऊन नवा घरांत आला म्हणजे हा विवेक आपल्या ठायीं उरत नाहीं, असें आम्हांस दिसतें. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास हांक मारावयाची, "यांतलें सगळें त्यांत टाकून दे" असें सांगावयाचें, आणि वडील माणसांनीं आपापल्या कामास लागावयाचें, अशी बहुतेक घरांतील रीत आहे. ही रीत बदलली पाहिजे, असें आमचें मत आहे. व त्याचीं कारणें आम्ही विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडूं इच्छितों.

प्रसंगही तसाच आला आहे. विंडोज १० या प्रणालीस द्यावयाचें नेहमीचें साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केलें. पुढील आवृत्ति पुष्कळ जुन्या संगणकांवर नियमाप्रमाणें चालत नाहीं. त्यामुळें चांगल्या चालत्या संगणकासही निरोप देण्याची वेळ अनेक घरांवर आली आहे.

पहिली गोष्ट ही कीं, 'हलविणें' हा शब्दच फसवा आहे. संगणकांतील मजकूर पेटींतल्या वस्तूप्रमाणें एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेविला जात नाहीं. त्याची नक्कल केली जाते, आणि नक्कल अपुरी राहूं शकते. काम पुरें होण्यापूर्वीं पेन ड्राइव्ह उपटला तर फाइलीचें नांव दिसतें, परंतु ती उघडत नाहीं. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट ३२ नांवाच्या जुन्या पद्धतीनें आंखलेले असतात. त्या पद्धतींत चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावतच नाहीं, आणि एखाद्या लग्नाची लांबलचक चित्रफीत नेमकी मागें राहते. म्हणून दोन्हीकडील फाइलींची संख्या ताडून पाहावी, प्रत्येक कप्प्यांतील दोन-चार फाइली नव्या संगणकावर उघडून पाहाव्या, आणि निदान एक महिना तरी जुना संगणक घराबाहेर जाऊं देऊं नये.

दुसरी गोष्ट मराठी घरांस विशेष लागू आहे. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीस १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. परंतु तो घरोघर रूढ होण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या निरनिराळ्या फॉन्टांत लिहिला जाई, आणि त्यांतील पुष्कळ फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. असा मजकूर नव्या संगणकांत सुखरूप पोहोंचला, तरी तो फॉन्ट तेथें नसेल तर पडद्यावर अर्थशून्य रोमन चिन्हें तेवढीं दिसतात. आजोबांनीं लिहिलेली कुलाची हकीकत असो वा आजीनें उतरून ठेविलेल्या पाककृति असोत, त्या आहेत आणि नाहींतही! जुना संगणक चालू आहे तोंच असा मजकूर त्यावर उघडावा, युनिकोडमध्यें बदलून घ्यावा, व तें न जमल्यास निदान त्याची पीडीएफ करून ठेवावी किंवा कागदावर छापून घ्यावा.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल आहेत. पण ज्या लिपींत एके काळीं सारा हिशेब व पत्रव्यवहार चाले, ती विसाव्या शतकांत शाळांतून व कचेऱ्यांतून मागें पडली. कागद राहिले, परंतु ते वाचणारीं माणसें शोधून काढावीं लागतात. आणि हें केवळ आपल्याच वांट्यास आलें असेंही नव्हे. इंग्लंडांत राजा विल्यमच्या आज्ञेनें झालेली १०८६ सालची जमीनजुमल्याची नोंद 'डूम्सडे बुक' या नांवानें प्रसिद्ध आहे. तिला नऊशें वर्षें झालीं त्या निमित्तानें बी.बी.सी.नें १९८६ सालीं शाळाशाळांतील मुलांच्या मदतीनें गांवोगांवची माहिती गोळा करून ती लेसरच्या तबकड्यांवर सांठविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं, ती माहिती सोडविण्यासाठीं विद्यापीठांतील तज्ज्ञांस खास खटपट करावी लागली. चर्मपत्रावरची मूळ नोंद मात्र आजही वाचतां येते.

कोणी म्हणतील, आतां सर्व कांहीं क्लाउडवर राहतें. मग ही यातायात कशास? क्लाउडची सोय मोठी आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दोन्हीकडील मजकूर सारखा ठेवणाऱ्या सोयींत इकडे चुकून पुसलेलें तिकडेही पुसलें जातें. शिवाय परवलीचा शब्द एकट्या वडिलांस ठाऊक असेल, तर त्यांच्या मागें तें दार उघडावें कोणीं? म्हणून जाणत्यांचा नियमच बरा: महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, व एक प्रत घराबाहेर असावी.

उलटपक्षीं, जुन्या संगणकांत कांहीं राहूं नये याचीही काळजी घेतली पाहिजे. फाइल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेंतील तिची नोंद तेवढी जाते. मजकूर पुष्कळदां जागच्या जागींच असतो. बँकेचे कागद व खासगी पत्रें तशींच ठेवून संगणक भंगारवाल्यास देणें म्हणजे कपाटाची किल्ली त्याच्या हातीं देणें होय. हार्ड डिस्क जाणत्या माणसाकडून पूर्ण साफ करवून घ्यावी किंवा ती काढून ठेवावी.

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. नक्कल यंत्र करतें. काय राखावें हें माणसानें ठरवावयाचें असतें. मुलास यंत्र कळतें, पण छायाचित्रांतील नऊवारी नेसलेली बाई आपल्या पणजीची बहीण आहे, हें त्यास ठाऊक नसतें. आजीस ती बाई ठाऊक असते, पण यंत्र कळत नाहीं. तीच छायाचित्रें नुसत्या आंकड्यांच्या नांवांनीं एका संगणकांतून दुसऱ्यांत जात राहिलीं, तर आणखी एका पिढीनें तीं परक्यांचीं होतील, आणि तेव्हां त्यांचें जतन झालें काय नि न झालें काय, सारखेंच!

म्हणून आमची सूचना इतकीच आहे. हें काम मुलावर टाकूं नये व मुलानेंही तें एकट्यानें उरकूं नये. सुट्टींतील चार दुपारी आजी-आजोबा, आईवडील व मुलें यांनीं एकत्र बसावें. कोण, कोठें, कोणत्या सालीं, हें विचारून प्रत्येक चित्रास नांव द्यावें, आणि निरुपयोगी तें तेथेंच सोडावें. विद्यार्थिमित्रांनो, यंत्राची माहिती तुम्हांस आहे; माणसांची माहिती विचारून घेण्याचा काळ मात्र फार लांबचा नसतो.