दोष लशीच्या माथी नको



वाकड्या पायांच्या कोकरांविषयीचं पत्र वाचलं. पत्रलेखकांनी जर्मनीतला श्मालेनबर्ग विषाणू थेट नंदुरबारात आणून बसवला आणि वर मेंढ्यांचं लसीकरणच थांबवा म्हणाले! तो विषाणू २०११ मध्ये तिकडे सापडला, हे खरं. पण इतक्या लांब कशाला जायचं? चिलटांवाटे पसरणाऱ्या नीलजिव्हा रोगाची महाराष्ट्रात १९६४ पासून नोंद आहे. मेंढीचं तोंड सुजतं, जीभ कधी निळसर पडते, खुराच्या वरच्या कडेला लाली येऊन ती लंगडते. शेळीत मात्र बहुधा काहीच दिसत नाही. मेंढी गाभण असेल तर गर्भपात होऊ शकतो, क्वचित मेंदूत व्यंग असलेलं पिलू जन्मतं.

परदेशात नीलजिव्हेच्या जिवंत विषाणूंच्या लशीने गाभण मेंढ्यांची कोकरं बिघडली होती. लेखकांनी बहुधा तेच वाचलं असावं. आपली लस मृत विषाणूंची, पाच प्रकारांवरची आहे. ती पावसाळ्याआधी टोचायला हवी, आणि नेमके तेव्हाच मेंढपाळ ठेलारींचे वाडे भटकंतीवर असतात. तक्रार करायचीच तर लस तिथवर पोहोचत नाही, याची करा.

हा रोग पसरवणारं चिलट जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचं. साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतं. ओलं शेण आणि चिखल हे त्याचं घर. गोठा कोरडा ठेवा, गाभण जनावरं तिन्हीसांजेआधी आत घ्या. आणि व्यंग असलेलं पिलू उकिरड्यावर फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, म्हणजे नमुना तपासणीला जाईल.

– एक पशुपालक, शहादा