काळरानात लोक खातात काय?

शनिवारी रात्री आठनंतर आम्हा चौघांचे फोन लागत नाहीत. लागलेच तर आम्ही उचलत नाही. राजारामपुरीतल्या एका गच्चीवर फासे, पेन्सिली आणि दोन किलो भडंग घेऊन आम्ही बसलेले असतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रं होतात. तलवारी, जादूटोणा, ड्रॅगन, सगळं. वयं विचारू नका. तिशी जवळ आलीय आणि दोघांचे होम लोनचे हप्ते चालू आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या गोष्ट सांगणाऱ्यानं फर्मान काढलं, की आता नवीन देश. प्रत्येकानं एकेक प्रांत बनवून आणायचा. भूगोल, माणसं, चालीरीती, दोन पानं, शनिवारपर्यंत. माझ्या वाट्याला जंगल आलं. म्हटलं, सोप्पंय! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक्सेलशीटच्या मागे बसून पाडून टाकलं. नाव ठेवलं ‘काळरान’. मधोमध एक नदी, उत्तरेला डोंगर. झाडांवर राहणारे लांब कानांचे लोक, बाण अचूक, केस सिल्की. आणि कोपऱ्यात, माहौल हवा म्हणून, एक उजाड गाव. मोडकं देऊळ, पडक्या भिंती, शेजारी लाल पेननं लिहिलं, ‘इथं भुतं’.

नकाशा मात्र मन लावून काढला होता, हे सांगायला हवं. स्टीव्हन्सननं १८८१ मध्ये आधी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि मग त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ निघाली, हे मला कुठल्याशा क्विझमुळे पाठ आहे. आपलीही निघेल, असं वाटलं.

गोष्ट सांगणाऱ्यानं दोन पानं वाचली आणि एकच विचारलं, “हे लोक खातात काय?”

मी गप्प.

“झाडावर राहतात, बाण मारतात, केस विंचरतात. भात कुठं लावतात? मीठ कुठनं येतं? हे टोल्किनचं मर्कवुड आहे भावा, नाव बदललंयस फक्त. परत करून आण.”

अपमान पचवायला रविवारी बाईक काढली आणि दाजीपूर गाठलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. कारण काळरानात जे जे घालायला हवं होतं, ते सगळं आमच्या जिल्ह्यात आधीच घालून ठेवलेलं आहे, तेही कुणी मर्कवुड वाचायच्या आधी. पंचगंगा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त. पाचातली एक नदी अदृश्य आहे, असं मी लिहिलं असतं तर आमच्या ग्रुपनं ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून काट मारली असती. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरीच्या धरणाला सात दरवाजे आहेत. पाणी वाढलं की आपोआप उघडतात, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. जुलैत कोल्हापुरात क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं लोक विचारतात, “किती उघडले?” वर सड्यावर पावसाळ्यात किडे खाणारी झाडं उगवतात. त्यातल्या एकीला लोक ‘सीतेची आसवं’ म्हणतात. किडे खाणाऱ्या झाडाचं नाव सीतेची आसवं! कारवी सात-आठ वर्षांतनं एकदाच फुलते. पाऊस पडायच्या तोंडावर काजव्यांनी झाडंच्या झाडं एका तालात उघडझाप करतात. आणि गवा. टनाच्या घरातला प्राणी आणि पायात पांढरे मोजे. त्याच्यासाठी १९५८ मध्ये इथं अभयारण्य झालं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही राधानगरीचं नाव लागलं. मला तो दिसला नाही. दिसतो तेव्हा शहराच्या वेशीवर दिसतो आणि मग सगळे मोबाईल घेऊन पळत सुटतात, हा वेगळा विषय.

पण खाण्याचं उत्तर जनावरांत नव्हतं, माणसांत होतं. घरी येऊन शोधाशोध केली. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी घाटातल्या कुणबी आणि गवळी धनगरांचा अभ्यास केला होता. त्यातली गंमत अशी, की दोन्ही समाजांनी एकच डोंगर वाटून घेतलेला. खाली खोऱ्यात कुणबी, भातशेती करणारा आणि शिकारीला जाणारा. वरच्या टप्प्यांवर गवळी धनगर, म्हशी राखणारा, शिकारीच्या फारसा नादी न लागणारा, कारण दूधदुभतं घरचं. वरून लोणी खाली, खालून धान्य वर. कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही. शिवाय गावागणिक देवराई, तिथल्या झाडाला कोयता लावायचा नाही, देव बघतोय. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. हिरडा गोळा करून चार पैसे. लांब कान कुठंच नाहीत, पण घडी अशी बसलेली, की मला माझ्या सिल्की केसांची कीव आली.

तर पुढच्या शनिवारी मी नवं काळरान घेऊन गेलो. वर म्हशी, खाली भात, मध्ये राई. गोष्ट सांगणारा खूश. ‘नाद खुळा’ असं सर्टिफिकेट मिळालं. उजाड गाव मी तसंच ठेवलं होतं. ते कापायचा प्रश्नच नव्हता, सगळ्यात झकास तेच दिसत होतं.

आमच्यातला चौथा अकाउंट्सचा माणूस आहे. खेळात तो नेहमी कमी बोलणारा योद्धा होतो, खऱ्यातही तसाच आहे. त्यानं नकाशा जवळ ओढला, लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

“इथं भुतं का?”

“अरे, जंगलातलं पडकं गाव म्हटल्यावर...”

“आमच्या गावात भुतं नव्हती. आम्ही होतो.”

दोन वर्षं आम्ही एकत्र खेळतोय आणि तो कुठला हे मला माहीत नव्हतं. मी हातकणंगल्याचा धरून चाललो होतो, कारण शनिवारी शेवटची गाडी गाठायची म्हणून तो लवकर उठतो. त्याचं गाव चांदोलीच्या जंगलातलं. वारणेचं धरण झालं, १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या प्रवासात आतली गावं उठली आणि काही इकडं सपाटीला, उसाच्या पट्ट्यात येऊन बसली. हे मी पेपरात वाचलेलं होतं. मोर्चांचे फोटोही बघितलेले होते. फक्त ते गच्चीवर माझ्या शेजारी बसून भडंग खातंय, हे ठाऊक नव्हतं.

मी ‘सॉरी’ म्हणालो. तो म्हणाला, “वाघाला माझी ना नाही रे. जंगल राहिलंच पाहिजे. पण आजोबा असेपर्यंत वर्षातनं एकदा परवानगी काढून देवाला जायचे. आल्यावर सांगायचे, चुलीवर उंबर उगवलाय. आमच्या चुलीवर.”

त्या रात्री फासे पडलेच नाहीत. नंतर मला आठवलं ते इरावती कर्व्यांचं ‘युगांत’. १९६७ चं पुस्तक, कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेलं. त्यात खांडववनाच्या जळण्याबद्दल आहे. कृष्णार्जुनांनी अख्खं वन पेटवलं, आतले जीव बाहेर पडू दिले नाहीत, आणि मग त्या भूमीवर मयसभा उभी राहिली. लहानपणी टीव्हीवर मला फक्त मयसभा आवडली होती, दुर्योधन पाण्यात पडतो तो सीन. वनात राहत कोण होतं, हे विचारायचं सुचलं नव्हतं. आणि दंडकारण्य? अर्ध्या महाराष्ट्राला आपलं गाव त्यात होतं असं वाटतं, पण आपण त्यातले ऋषी. राक्षसांचे वंशज म्हणून अजून कुणी भेटलेलं नाही.

लाल अक्षरं मी व्हाईटनरनं खोडली. खोडल्यावर तिथं पांढरा डाग राहिला, तो आणखीनच वाईट दिसायला लागला. शेवटी नकाशा त्यालाच देऊन टाकला.

परवा त्यानं तो परत आणला. माझ्या सुबक नकाशाच्या कोपऱ्यात बॉलपेननं एक गाव. स्केल वगैरे काही नाही, देऊळ डोंगरापेक्षा मोठं. ओढा, ओढ्यावरचा साकव, खळी, कुणाच्या घरामागं फणस, कुणाच्या घरापुढं दगडी जोतं, एकोणीस घरं. त्याचा जन्म इकडचा. हे सगळं त्यानं आजोबांकडून ऐकून पाठ केलेलं. नावाच्या जागी गावाचं खरं नाव होतं. ते इथं छापू नको म्हणाला, म्हणून छापत नाही.

आता आमची चार पात्रं तीन दिवस काळरान तुडवून त्या गावाच्या वेशीवर पोचलीत. अंधार पडलाय, पाऊस आहे, एका घरात दिवा दिसतोय. गोष्ट सांगणाऱ्यानं या भागापुरती सूत्रं त्याच्याकडे दिली आहेत. दार कोण उघडणार ते त्याचं अजून ठरत नाहीये. जेवायला मात्र नाचणीची भाकरी आणि लोणी आहे, एवढं त्यानं आधीच सांगून टाकलंय.