संशोधक इथेच घडला पाहिजे
रत्नागिरीतून एक जाहीरनामा

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले विद्यार्थी, तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक, पीएच.डी. अर्धवट टाकावी लागलेले आणि अजून नोंदणीच करू न शकलेले लोक आज एका मागणीसाठी एकत्र येत आहोत. कोकणच्या समाजाचा अभ्यास करणारा संशोधक कोकणात राहून घडला पाहिजे. त्या काळात त्याला दरमहा जगण्यापुरते विद्यावेतन मिळाले पाहिजे. आणि ही जबाबदारी विद्यापीठांनी मिळून उचलली पाहिजे.

ही मागणी एका वहीतून आली आहे. आमच्यातल्या एकीने पावसजवळच्या आंबाबागांत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांवर संशोधन सुरू केले होते. ही माणसे हंगामाआधी येतात, बागेतल्या खोपटात राहतात, वानर हाकतात, आंबा उतरवायला हात लावतात आणि पाऊस तोंडावर आला की गावाकडे निघतात. कोणाला उचल किती मिळाली, मुलांची शाळा कोणत्या महिन्यात सुटली, रात्री ताप चढला तर कुठला डॉक्टर गाठला, हे सगळे ती गडग्यावर बसून टिपत होती. मंजूर झालेल्या शिष्यवृत्तीचा हप्ता चौदा महिने आला नाही. सकाळी महाविद्यालयातल्या तासिका, संध्याकाळी शिकवण्या आणि महिन्यातून एकदा रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस पकडून मुंबई विद्यापीठाचे कलिन्याचे ग्रंथालय, असे तिने दोन वर्षे रेटले. तिसऱ्या वर्षी घरचे हप्ते थकले आणि तिने मिळेल ती नोकरी धरली. वही कपाटात गेली.

अशा वह्या आमच्यातल्या अनेकांच्या घरी आहेत.

आणि प्रश्न तर दारात उभे आहेत. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आमचा जिल्हा दहा वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक माणसांनी आटला. दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण पुरुष मुंबईला गेल्यावर मागे राहिलेल्या बाईने घर, शेती आणि म्हातारी माणसे कशी ओढली, याचा हिशेब त्यात नाही. 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या चाकरमान्यांचे पुढे काय झाले? खोती ही जमीनदारी पद्धत कायद्याने 1949 मध्ये गेली, पण कुळांच्या वहिवाटीचे वाद कोणत्या रूपाने उरले? मिरकरवाड्याच्या बंदरात छोटा मच्छीमार आणि पर्ससीनवाला यांच्यात समुद्र कसा वाटला जातो? बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी जमिनीचे सर्वेक्षण सुरू झाले तेव्हा गाव कुठे आणि का दुभंगले? कंपन्यांचे अहवाल येतात, सरकारी अहवाल येतात. या मातीतल्या माणसाने स्वतंत्रपणे, चार वर्षे टिकून केलेला अभ्यास मात्र क्वचितच येतो.

ही कुवतीची उणीव आहे, असे कोणी म्हणू नये. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले आणि 1916 मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालवणचे गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतले आणि 1924 पासून मुंबईचा समाजशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई त्यांच्या हाताखाली शिकले. बुद्धी त्यांची होती. पण महिन्याच्या महिन्याला पोहोचणारा पैसा आणि शिकवणारा गुरू या दोन्ही गोष्टी कोणीतरी पुरवल्या होत्या. आमच्या मुलांना आज त्याच दोन गोष्टी हव्या आहेत.

पैसा आणि गुरू, दोन्ही पुरवणे एकट्या विद्यापीठाला झेपत नाही, हे आम्ही जाणतो. कुठे ग्रंथालय आहे पण मार्गदर्शकाकडे जागा नाही. कुठे मार्गदर्शक आहे पण संख्याशास्त्र शिकवणारे कोणी नाही. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, असे करून गावाचे काम हातावेगळे होते. विद्यापीठांनी तेच करावे. ब्रिटनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन परिषदेने 2011 मध्ये विद्यापीठांच्या गटांना डॉक्टरेट प्रशिक्षणासाठी एकत्र निधी द्यायला सुरुवात केली, तेव्हा लीड्स, शेफील्ड आणि यॉर्क ही विद्यापीठे अशीच एकत्र आली. आपल्याकडेही वाट मोकळी आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांनी करार करून सामाजिक शास्त्रांचा संयुक्त डॉक्टरेट कार्यक्रम सुरू करावा. त्याचे केंद्र मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात असावे.

2. कार्यक्रमात निवडलेल्या प्रत्येक संशोधकाला चार वर्षे विद्यावेतन मिळावे. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा (जेआरएफ) दर महिन्याला 37,000 रुपये आहे. त्याहून ते कमी नसावे. दहा संशोधकांचे वर्षाचे विद्यावेतन 44 लाख 40 हजार रुपये होते. राज्य शासन आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून उचलावे, इतका हा भार हलका आहे.

3. रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यात जमा व्हावी. क्षेत्रकार्याचा प्रवास, ध्वनिमुद्रण आणि छायाप्रती यांचा खर्च वेगळा मिळावा.

4. प्रत्येकाला दोन विद्यापीठांतले दोन मार्गदर्शक असावेत आणि एका ठिकाणी केलेला अभ्यासक्रम चारही ठिकाणी धरला जावा. मार्गदर्शक बदलून मागण्याचा हक्क लेखी असावा.

5. पहिले वर्ष सामायिक प्रशिक्षणाचे असावे: मुलाखत, सर्वेक्षण, संख्याशास्त्र, संशोधनाची नीती आणि मोडी वाचन. खोतांची दप्तरे मोडीत आहेत. ती वाचता आल्याशिवाय कोकणच्या जमिनीचा इतिहास लिहिता येणार नाही.

6. प्रबंध मराठीत लिहिण्याची पूर्ण मुभा असावी आणि परीक्षणात त्यामुळे उणे धरले जाऊ नये.

7. वयाची अट नसावी. मुलेबाळे झाल्यावर परत शिकू पाहणाऱ्या बाईसाठी, कुळाच्या, मच्छीमाराच्या, दलित आणि कातकरी घरातल्या पहिल्या पदवीधरासाठी दार आधी उघडावे.

8. निधी उद्योगाचा असला, तरी विषय आणि निष्कर्ष यांवर देणाऱ्याचा अधिकार नसावा.

मागणाऱ्याने स्वतःलाही बांधून घ्यावे लागते. आम्ही शब्द देतो की ज्या गावाचा अभ्यास करू, त्या गावाच्या ग्रामसभेत निष्कर्ष मराठीत मांडू आणि गावाने काढलेल्या चुका ऐकून घेऊ. कोणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय छापणार नाही. आमच्या नोंदी कपाटात कुजू न देता, नावे वगळून, पुढच्या अभ्यासकासाठी जपू. आणि मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणार नाही: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रत्नागिरीत एकत्र येऊ, एकमेकांची प्रकरणे वाचू, मोडी शिकू. या शहरातले जिल्हा नगर वाचनालय 1828 चे आहे. जवळपास दोनशे वर्षे वाचत आलेल्या गावाला लिहायला बसणे जड नाही.

विद्यापीठांच्या अधिसभांना, आमदार-खासदारांना, माजी विद्यार्थ्यांना आणि मुंबईत स्थिरावलेल्या प्रत्येक चाकरमान्याला आमचे आवाहन आहे: या जाहीरनाम्यावर सही करा आणि तुमच्या ओळखीच्या अर्धवट राहिलेल्या संशोधकाला आमच्याकडे पाठवा.

ती पावसची वही आमच्या पहिल्या बैठकीत टेबलावर होती. शेवटच्या पानावर एका राखणदार बाईचा प्रश्न टिपलेला आहे: हे सगळे लिहून झाले की आम्हाला वाचून दाखवणार ना? तेव्हा तिला हो म्हटले होते. तो शब्द पाळण्यासाठी ही चळवळ आहे.