मस्तिष्कमेरुद्रव आणि आपली अहिफेनकल्पे

तर्पक कफ म्हणजेच मस्तिष्कमेरुद्रव, अर्थात सी.एस.एफ., असे समीकरण आपल्या चर्चासत्रांतून वारंवार मांडले जाते. वाग्भटांनी तर्पकाचे स्थान शिर सांगितले, प्राणवायूचेही मूर्धा सांगितले. तेवढ्यावर टाळ्या मिळतात. आमचा आक्षेप समीकरणाला कमी आणि तेथेच थांबण्याला अधिक आहे. या द्रवाचे रसायन नीट समजून घेतले, तर आपल्या काही कल्पांकडे पूर्वीच्या निश्चिंतपणे पाहता येत नाही.

१९५४ साली बेल्जियममधील ल्यूसेन यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतील पोकळ्यांतून कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेला द्रव खेळवला आणि श्वसन वाढले. रक्तातील आम्लता या द्रवात सहज उतरत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र तत्काळ उतरतो, आणि प्रथिने अत्यल्प असल्याने थोड्या वाढीनेही तेथे आम्लता चढते. मेड्युलाच्या पृष्ठभागालगतच्या पेशी ती ओळखून श्वास वाढवतात. रक्तदाबाची सूत्रेही त्याच परिसरात आहेत. १९७४ मध्ये ग्वेर्टझेनस्टाइन व सिल्व्हर यांनी मांजरांच्या मेड्युलाच्या अधर पृष्ठभागावर ग्लायसिन लावताच रक्तदाब झपाट्याने उतरला.

जीर्ण श्वासरोगात, म्हणजे सी.ओ.पी.डी.च्या काही रुग्णांत, कार्बन डायऑक्साइड सतत साचलेला असतो. द्रवात बायकार्बोनेट वाढून आम्लता झाकली जाते व मेड्युलाची हाक मंदावते. असा रुग्ण बाहेरून स्थिर दिसतो. त्यात अहिफेन पोटात गेले की उरलीसुरली हाकही दबते, कारण कार्बन डायऑक्साइडला मिळणारा मेड्युलाचा प्रतिसादच ते बोथट करते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी सत्तरीतले एक श्वासरोगी गृहस्थ अतिसारासाठी आले. आम्ही कर्पूर रस दिला. दुसऱ्या दिवशी अतिसार थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सूनबाईंचा निरोप आला, आजोबा उठत नाहीत. गेलो तो हात गरम, नाडी भरलेली, श्वास उथळ. रुग्णालयात चार दिवस कृत्रिम श्वसनावर काढून ते सुखरूप परतले. ‘सकाळी डोके दुखते, दिवसा झापड’ ही नोंद केसपेपरवर आमच्याच हस्ताक्षरात होती. तिचा हिशेब आम्ही आमाच्या खाती मांडला होता!

औषधी-विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. अहिफेन हे औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे. ते असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. पण सुट्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या की ती सूचना दुकानातच राहते. कर्पूर रस आणि निद्रोदय रस निदान सुटे तरी देऊ नयेत, आणि चिठ्ठीवाचून तर मुळीच नाही. ‘आयुर्वेदाला अपाय नाही’ हे वाक्य गल्ल्यावर बसून उच्चारणाऱ्यांनी अहिफेनाची मात्रा एकदा तरी पाहावी.

आता अहिफेनयुक्त कल्प लिहिण्यापूर्वी आम्ही जुनी धाप, सकाळची डोकेदुखी आणि झोपेची चालू गोळी, यांविषयी विचारतोच. होकार आल्यास अतिसारासाठी कुटजाचे कल्प आणि ओ.आर.एस. देतो. मल बांधायला एखादा दिवस जास्त लागतो, आणि घरचे कुरकुरतात.