पैगंबरी आणि अंतर्मार्ग

सूफी साधकांविषयी आपल्याकडे लिहिताना-बोलताना एक समज इतका रूढ झाला आहे की, त्याची तपासणी करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. तो समज असा की, ग्रंथ, प्रेषित आणि शरियत हा इस्लामचा बाह्य व कठोर भाग असून सूफींचा प्रेममार्ग हा त्या तटबंदीबाहेर उगवलेला, किंबहुना परक्या दर्शनांच्या संसर्गाने आलेला, निराळाच प्रकार होय. आणि म्हणून पहिल्याविषयी साशंक राहून दुसऱ्याची मुक्तकंठाने स्तुती करावी. या स्तुतीमागील सद्भावना मला मान्य आहे. परंतु त्या पुरुषांनी जे प्राणापलीकडे जपले तेच वगळून त्यांची थोरवी गाण्यात त्यांच्यावर अन्याय होतो, आणि आपल्या समजुतीवर त्याहून अधिक.

खुलताबादेचेच उदाहरण घ्या. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली येथे निवर्तले. त्यांच्यामागून त्यांची गादी चालविणारे झैनुद्दीन शिराजी हेही येथेच चिरविश्रांती घेत आहेत. झैनुद्दीनांच्या दर्ग्यात पैगंबरांचा म्हणून मानला गेलेला एक अंगरखा जतन करून ठेवलेला आहे आणि रबिउलअव्वल महिन्याच्या बाराव्या तिथीस, पैगंबरजयंतीच्या दिवशी, तो भाविकांस दर्शनासाठी खुला करतात. सूफींच्या कोणत्याही परंपरेचा शजरा, म्हणजे गुरूशिष्यांची वंशावळ, वरपर्यंत वाचीत गेल्यास ती अखेर पैगंबरांपाशीच जाऊन पोहोचते. ही सनद नसेल तर पीर मुरीदाचा हात हाती घेण्याचा अधिकारीच ठरत नाही.

या नात्याचा उलगडा अबू हामिद गझालीइतका स्वच्छपणे क्वचितच कोणी केला असेल. १०५८ साली खुरासानातील तूस येथे जन्मलेल्या या पंडितास वजीर निजामुल्मुल्क याने १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशाच्या मुख्य अध्यापकपदी नेमले. तीनशे विद्यार्थी त्याच्यासमोर बसत. दरबारात त्याचा शब्द मानला जाई. अशा ऐन वैभवात १०९५ च्या उन्हाळ्यात, आपण जे शिकवितो त्यात ईश्वराचा शोध किती आणि लौकिकाची हाव किती, या प्रश्नाने त्याला असे ग्रासले की, एके दिवशी व्याख्यानास बसला असता त्याची जीभच उचलेना. अन्न गळ्याखाली उतरेना. हकिमांनी हात टेकले आणि रोगाचे मूळ अंतःकरणात आहे, असे सांगितले. तेव्हा मुलाबाळांच्या चरितार्थापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्याने वाटून टाकली, हजला जातो असे जाहीर केले, आणि दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या मिनारात दिवसदिवस दार लावून तो ध्यानात बसू लागला.

आता या माणसाने मिनारातून काय आणले, हे पाहण्यासारखे आहे. ग्रंथाची आता गरज उरली नाही, असे त्याने कोठेही म्हटले नाही. उलट आत्मकथनात त्याने लिहिले ते असे की, सूफींच्या बाह्य व आंतरिक आचरणातील सारा प्रकाश प्रेषितत्वाच्याच दिव्यापासून घेतलेला आहे. बुद्धीच्या पलीकडे जाणिवेची आणखी एक पायरी आहे, प्रेषित त्या पायरीवरून पाहतो, आणि ज्याने साधनेने तिची अल्पशीही चव घेतली नाही त्याला प्रेषितत्वाचे केवळ नाव माहीत असते. काठीचा सर्प झाला किंवा चंद्र दुभंगला, असल्या चमत्कारांवर श्रद्धेची इमारत उभारण्यास तो राजी नाही. प्रेषिताने सांगितले ते आचरून पाहा आणि अंतःकरणात काय पालटते ते अनुभवा, हा त्याचा पुरावा. मला त्याच्या विचारातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण येथे साधना ही ग्रंथातून बाहेर पडण्याची चोरवाट राहत नाही, ग्रंथाची सत्यता स्वतःच्या ठायी पडताळण्याचा तो राजमार्ग होतो.

त्याच्या ‘इह्या’ या चाळीस प्रकरणांच्या महाग्रंथात वजूची, म्हणजे नमाजापूर्वीच्या प्रक्षालनाची चर्चा आहे. हातापायांवरील मळ जावा, ही शुद्धीची पहिली पायरी. त्याच अवयवांनी पाप करू नये, ही दुसरी. चित्तातील मत्सर, गर्व इत्यादी विकार धुतले जावे, ही तिसरी. आणि ईश्वराखेरीज अन्य काहीही अंतर्यामी उरू नये, ही चौथी. पाणी तेच आणि विधीही तोच. फकिहाला, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाला, त्यात नियम दिसतो, साधकाला त्या नियमाची खोली दिसते.

वली, म्हणजे संत, आणि नबी, म्हणजे प्रेषित, यांच्यात भेद नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मुहंमदांनंतर प्रेषित नाही, हा सिद्धान्त सूफींनीही शिरोधार्य मानला. साधकाला स्फुरण होईल, पण त्यातून नवा कायदा निघणार नाही. १५३७ साली निवर्तलेले चिश्ती संत अब्दुल कुद्दूस गंगोही यांचे या संदर्भातील मनोगत प्रसिद्ध आहे: पैगंबर मेराजच्या रात्री परमोच्च स्थानी जाऊन परतले, आपण तेथे पोहोचलो असतो तर परतलोच नसतो. परतलेल्या त्या पुरुषाने वारसाहक्क, कर्जवसुली, तह, अनाथांची मिळकत यांचे निवाडे केले, आणि सुमारे तेवीस वर्षे अवतरत राहिलेल्या कुराणाच्या ११४ सूरांत ध्यानाबरोबर हा व्यवहारही आला. हे इस्लामचे उणेपण समजणाऱ्या वाचकाने आपल्या घरातले उदाहरण आठवावे: ज्ञानदेवांनी आपला अनुभव गीतेच्या टीकेच्या रूपानेच मांडला, आणि त्यामुळे तो अनुभव उसना ठरला असे आपण कधी म्हणत नाही.

उलट बाजूने, सूफी परंपरा ही धर्मात मागाहून शिरलेली भेसळ मानून ती निपटून काढू पाहणारे मुसलमानांतही आहेत. दर्ग्यांत अनाचार शिरले असतील, त्यांचा समाचार अवश्य घ्यावा. पण तेवढ्यासाठी गझालीला हद्दपार करणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की, हा माणूस सुमारे दशकभराच्या एकांतानंतर ११०६ साली निशापूरच्या मदरशात पुन्हा अध्यापनास रुजू झाला, आणि पूर्वी ज्या विद्येने मानमरातब मिळतो ती शिकवीत होतो, आता ज्या विद्येने तो सोडता येतो ती शिकवितो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले.