मनगटावरचा दोरा

दोस्तहो, फाइव्ह-जी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही जोडी नीट ओळखून घ्या. शेटजी-भटजीसारखी एकमेकांना धरून उभी आहे.

जाळं काय करतं? फोन, कॅमेरे, घड्याळं यांच्याकडून माहिती उपसून यंत्राच्या तोंडात घालतं. टॉवरजवळच संगणक बसवला की उत्तरही तिथल्या तिथं. यंत्र त्याची परतफेड करतं: कुठल्या टॉवरवर कधी गर्दी होणार ते आधीच ताडतं, लहरी बरोबर फोनच्या दिशेला वळवतं, रात्री रिकामे टॉवर झोपवून वीज वाचवतं. २०२३ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं सिक्स-जीचा आराखडा ठरवला, त्यात तर दोघांचं लग्नच लावून टाकलंय.

लावा की! पण त्या लग्नात आपण कुठं? पंगतीला, की पत्रावळ्या उचलायला?

नागपुरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. हद्दीबाहेर पाऊल पडलं की पगाराला कात्री, ही कामगारांची तक्रार. देशात फाइव्ह-जी आलं १ ऑक्टोबर २०२२ ला. ही गोष्ट त्याच्याही आधीची. म्हणजे अडाणी जाळ्यानं एवढं केलं. शहाणं जाळं काय करील?

पेशवाईत अस्पृश्याला मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवलंय. दोरा गेला, घड्याळ आलं. मनगट तेच!

माणूस दहा मिनिटं चहाला गेला तर जाळ्याला कळतं. मग मॅनहोलात विषारी वायू साचलाय, हे का कळत नाही? वायू ओळखणारं यंत्र आहे. मॅनहोल उपसणारा यंत्रमानव केरळात २०१८ पासून आहे. हातानं मैला उपसायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ साली बजावलं. तरी माणसं उतरतात आणि मरतात. कारण जाळ्याला काय बघायला लावायचं, हे मुकादम ठरवतो. गटारात उतरणारा नाही.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. बाबासाहेबही नव्हते. यंत्रानं माणसाला उसंत मिळावी, हे त्यांचं म्हणणं. म्हणून पोरांनो, हे तंत्र शिका, त्याच्या पोटात शिरा. आणि वस्तीवस्तीतून, युनियनमधून एकच मागणी लावून धरा: कामगारावर पाळत ठेवणारं घड्याळ काढा, गटारावर पाळत ठेवणारं यंत्र लावा.

आधी गटारात यंत्र उतरू द्या. मग बुद्धीच्या बाता मारा!