सायंकाळचा दीड तास

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, तेलंगणाच्या सीमेपासून फारसे दूर नसलेले मुकुटबन हे झरी जामणी तालुक्यातील मोठे गाव. वणीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा या परिसरात सहज कानावर पडतात. वर कापूस आणि तूर, खाली चुनखडी आणि कोळसा, अशी ही भूमी. पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसाचा दिवस सूर्याबरोबर उगवला आणि सूर्याबरोबर मावळला. २०२२ साली मुकुटबनचा सिमेंट कारखाना सुरू झाला. वर्षाला ३९ लाख टन सिमेंट तयार करण्याची त्याची क्षमता. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते आणि अशी भट्टी रात्र झाली म्हणून विझवता येत नाही. साहजिकच तेथे काम करणाऱ्यांचा दिवसही आता सूर्यावर नव्हे, तर पाळीवर ठरतो. एका पिढीच्या आत झालेले हे स्थित्यंतर आहे.

या स्थित्यंतराबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, तेथे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हाती येणाऱ्या वेतनाचे मोल शहरातील सुखवस्तू माणसाला कळणार नाही. साधेपणाची थोरवी सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. याच तालुक्यात कोलाम समाजाचे पोड आहेत. त्यातील दुर्गम पोडावर मोबाईलचा मनोरा पोहोचत नसेल, तर त्याला शांतता म्हणता येत नाही; ती उपेक्षा आहे. बाळंतीण अडली असता रुग्णवाहिकेला निरोप देता न येणे यात कोणतीही सादगी नाही. ज्याच्यापाशी आहे, त्याने स्वेच्छेने बाजूला ठेवणे म्हणजे साधेपणा. ज्याच्यापाशी नाहीच, त्याला वैराग्याचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न उरतो तो ज्यांच्या हाती यंत्र आले आहे त्यांचा, आणि ते आता बहुतेक सर्वच आहेत. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाईल संवाद कोलकाता व दिल्ली यांच्यात झाला, तेव्हा ही चैन मंत्र्यांना आणि उद्योगपतींनाच परवडणारी होती. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे यंत्र मजुराच्या खिशात आले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि ज्या पालकांनी आजवर मुलांना मोबाईलला हात लावू दिला नव्हता, त्यांनीच पदरमोड करून तो त्यांच्या हाती दिला. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाईल परत घेणे कोणाला जमले नाही.

शेतकऱ्याचेच उदाहरण घ्या. पूर्वी पावसाचा अंदाज आणि बाजारभाव सायंकाळी आकाशवाणीवर ऐकायला मिळे. ऐकून झाले की रेडिओ बंद होई आणि चिंता असलीच तरी ती उद्यापर्यंत तेवढीच राही. आज कापसाचा भाव दिवसातून दहा वेळा पाहता येतो. दहा वेळा पाहिल्याने तो क्विंटलमागे एका रुपयानेही वाढत नाही. वाढतो तो उरातील धाक. माहिती मिळाली हे निश्चितच चांगले झाले. पण माहिती मिळण्याची वेळ संपली, तेव्हापासून विसावा मिळण्याची वेळही संपली.

ही अवस्था आपोआप आलेली नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, कीर्तनाला हेरंब असो वा नसो, आरती असते. २००६ साली अझा रस्किन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पडद्यावरच्या मजकुराला तळच राहू नये अशी रचना तयार केली. बोट सरकवत राहावे आणि मजकूर येत राहावा. पुढे त्यांनी स्वतःच या कृतीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ज्याला शेवट नाही, ते माणूस स्वतःहून कसे थांबवणार? संयम सुटला म्हणून एकट्या मुलाला दोष देणारे घर हा भाग सोयीस्करपणे विसरते.

मुकुटबनमध्ये भट्टी पेटली, त्याच वर्षी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने एक वेगळाच निर्णय घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलामुलींना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव संमत केला. देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली आणि काहींनी नाकेही मुरडली. खेड्यातल्या लोकांना काय कळते, हा त्यामागील सूर. पुढे ऑस्ट्रेलियाच्या संसदेने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला, तेव्हा मात्र जगभर गंभीर चर्चा झडल्या. बान्सीचे नाव त्या चर्चेत कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही.

बान्सीची कळकळ खरी होती, याविषयी शंका नाही. तरीही त्या ठरावात एक उणीव होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदी लहानांवर होती, मोठ्यांवर नव्हती. ज्या ओसरीवर बाप बोट सरकवत बसला आहे, तेथे मुलाने पुस्तक उघडून बसावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? मुले उपदेश ऐकत नाहीत, पाहतात.

याच वर्षी, बान्सीच्या तीन महिने आधी, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे एक प्रयोग सुरू झाला होता. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे मंदिरावरील भोंगा सायंकाळी सात वाजता वाजू लागला. तो वाजला की घरातील दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करायचे. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. ऐन मालिकांच्या वेळी दूरदर्शन बंद करणे कोणाला रुचणार? त्यामुळे सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांना घरोघर जाऊन समजूत घालावी लागली.

या दीड तासाचे मर्म असे की नियम सर्वांना एकच होता. सरपंचाच्या घरी आणि शेतमजुराच्या घरी सात एकाच वेळी वाजले. एकट्याने मोबाईल बंद ठेवला तर मनाला सतत रुखरुख लागते की आपल्यामागे जगात काहीतरी घडत असेल. सारे गाव थांबले तर चुकण्यासारखे काही उरतच नाही. मनाची स्थिरता ही वैयक्तिक साधना आहे असे आपण मानत आलो आहोत आणि ते खोटे नाही. पण सामान्य संसारी माणसाला ती एकट्याच्या बळावर साधत नाही. त्याला वेळ ठरवून द्यावी लागते आणि त्या वेळी शेजारीही बसलेला असावा लागतो. एकादशी पाळणे ज्यांना जड जात नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको. घरात कोणाचेच ताट वाढलेले नसेल तर उपवास सोपा होतो.

विदर्भाला तर यासाठी सांगलीकडे पाहण्याचीही गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापला आणि पहाटे सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम गावोगावी रुजवला. ठरलेली वेळ, सरळ रांगा, सर्वांसाठी एकच आसन आणि दाराबाहेर ठेवलेली जात. वऱ्हाडातील असंख्य गावांत आजही श्रीगुरुदेव सेवा मंडळाची ही प्रार्थना होते. परंतु तेथे जमणाऱ्यांत पांढऱ्या केसांचीच संख्या अधिक दिसते. ती वेळ नातवंडांच्या हातातील पडद्याने घेतली, आणि आजोबा एकटेच टोपी घालून निघाले.

महाराज १९३६ साली ज्या सेवाग्राममध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून राहिले, तेथील आश्रमात आजही एक दूरध्वनी पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून सरकारने तो बसवून दिला होता. आश्रमाच्या कार्यालयात तो आहे आणि तेथेच साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरला जाणारा पिंजराही ठेवलेला आहे. गांधीजींच्या सर्व विचारांशी सहमत नसलेल्यालाही तेथे थबकावेसे वाटते. साम्राज्याचा प्रतिनिधी ज्या तारेच्या दुसऱ्या टोकाला होता, ते यंत्र आश्रमाने नाकारले नाही. ते कार्यालयात ठेवले. आणि सोमवार आला की गांधीजींचे मौन असे. बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून दिले जाई. मौनाच्या दिवशी काम थांबत नव्हते, फक्त हाक मारणाऱ्याला वाट पाहावी लागे.

आता थोडे स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. नित्य एका ठरलेल्या तासाला बाकी सर्व बाजूला ठेवण्याची सवय ज्या कार्यकर्त्यांना बालपणापासून आहे, त्यांच्या बैठकांत आज काय दिसते? वक्ता बोलत असतो आणि माना खाली असतात. बैठकीचा निरोप व्हॉट्‌सअ‍ॅपवर जातो, उपस्थितीही तेथेच नोंदली जाते आणि पूर्वी निरोप द्यायला घरी जाऊन जे चहापान होई, म्हाताऱ्या आईची चौकशी होई, ते गळून पडले. काम वेगाने होऊ लागले, यात शंका नाही. संपर्क वाढला की घटला, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. कुटुंबाने एकत्र जेवावे असे इतरांना सांगणारा कार्यकर्ता स्वतः ताटाशेजारी मोबाईल उलटा घालून बसत असेल, तर घरातील सून ते पाहत असते.

अडचणी आहेतच. मुकुटबनसारख्या गावात सात वाजताचा भोंगा सर्वांना कसा लागू पडणार? कोणी त्याच वेळी पाळीवर असेल, कोणी रात्रपाळी करून आलेला असेल, कोणाच्या शेतात वीज आलेली असल्याने तो मोटार चालू करायला निघालेला असेल. तेथे वेळ घरागणिक ठरवावी लागेल. पाळी बदलली की तीही बदलेल. सकाळची असेल तर सकाळची. सिमेंटच्या भट्टीच्या आतील विटांचे अस्तर झिजले की तीही ठरवून थंड करावी लागते आणि त्या दिवसांचे उत्पादन बुडते, हे तेथील कामगाराला कोणी शिकवण्याची गरज नाही.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तिच्यापुढे रस्ता, पाणी, घरकुल, गटार असे विषय येतात आणि ते यावेतच. मोहित्यांचे वडगावने या विषयाचा आरंभ महिलांच्या सभेतून केला, कारण सायंकाळी घरात काय चालते हे त्यांना सर्वांत आधी कळते. या दीड तासासाठी निधी लागत नाही, तालुक्याची मंजुरी लागत नाही. भोंगा बहुतेक गावांत, कोणत्या ना कोणत्या कारणासाठी, आधीच बसवलेला आहे.